नावा जमवून झाल्यावर नियम बदलायचे असतील तर आधी सांगा

कॅटामरानच्या, म्हणजे दोन सांगाडे जोडलेल्या शिडाच्या नावांच्या, त्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची पहिली नोटीस आली तेव्हा त्यात स्वच्छ लिहिलं होतं: फक्त फॉर्म्युला १८ या वर्गाच्या नावा. त्या एका ओळीवर आम्ही दोघांनी सहा महिने घातले. आणि शर्यत सुरू व्हायला बारा दिवस उरले असताना सुधारणा आली की २० फुटी नावा चालतील, फॉइलवाल्याही (पाण्याखालच्या पंखांनी वर उचलल्या जाणाऱ्या) चालतील, सगळ्यांची सुरुवात एकत्रच. कारण काय, तर प्रवेश कमी आले! मग आधीच सगळ्यांना दार उघडायचं होतं ना!

फॉर्म्युला १८ म्हणजे काय हे आयोजकांना मी सांगायला हवं का? लांबी ५.५२ मीटर, रुंदी २.६० मीटर, नाव किमान १८० किलो. या मापात बसेल ती नाव कोणत्याही कंपनीची असो, नाक्रा, होबी, गुडॉल, काहीही, ती पाण्यात उतरू शकते. हलक्या जोडीला १९ चौरस मीटरचा स्पिनेकर, म्हणजे पुढचं मोठं फुगणारं शीड, जड जोडीला २१ चा. एवढा बारीक विचार कशासाठी केलाय? खलाशी खलाश्याशी लढावा, पाकीट पाकिटाशी नाही, म्हणून. आमची नाव वजनात कमी भरली तेव्हा आम्ही तिच्यावर शिसं चढवलं, मुकाट्याने. नियम म्हणजे नियम. ते शिसं आम्ही प्रत्येक लाटेतून ओढत नेलं. आणि किनाऱ्यावर गेलो तर तिथे वजनकाटाच नाही. विचारलं तर म्हणाले, विश्वास ठेवा. मग आम्ही शिसं चढवलं ते कोणासाठी?

"रेटिंग आहे की, हिशेब बरोबर लागतो," हे वाक्य तर आता ऐकवत नाही. प्रत्येक प्रकारच्या नावेला तिच्या वेगानुसार एक आकडा देतात, ते रेटिंग; लागलेला वेळ त्याने भागायचा, बस. पण तो आकडा एकच असतो. सकाळचा भन्नाट वारा, दुपारची मरगळ, आडव्या लाटा, सगळ्याला तोच. फॉइलवाली नाव वाऱ्यात पाण्यावर उचलली जाते, मंद वाऱ्यात तीच फॉइलं पाण्यात ओढ धरतात. एका आकड्यात ही दोन टोकं बसवणार कशी? तासाभराच्या शर्यतींत हे थोडंफार समसमान होत असेल. दिवसभराच्या टप्प्यात होत नाही, कारण तिथे घड्याळ भरती-ओहोटीचंही असतं. आमच्या दुसऱ्या टप्प्यात वेगवान नावा ओहोटी फिरायच्या आत भूशिर ओलांडून गेल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा वारा पडला होता आणि प्रवाह समोरून. चार तास त्याच दीपगृहाकडे बघत बसलो. शीड लुळं, माझ्या क्रूचे हात सोललेले. ते चार तास कुठल्या आकड्याने भागणार आहात?

मिश्र नावांना माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. नेदरलँड्समधली टेक्सेल बेटाला वळसा घालणारी शर्यत १९७८ पासून होते, साधारण १०० किलोमीटरची, आणि तिथे नाना प्रकारच्या नावा उतरतात. पण येणाऱ्याला ते आधीपासून माहीत असतं, आणि तो त्या हिशेबाने येतो. उलट फ्लोरिडाहून व्हर्जिनिया बीचपर्यंतची, सुमारे १००० मैलांची वॉरेल शर्यत २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली ती फॉर्म्युला १८ नावांवर. दोन्ही मार्ग मला मान्य आहेत. चिडतो ते एकाच गोष्टीवर: एक मार्ग सांगून लोकांचे पैसे घ्यायचे आणि ऐन वेळी दुसऱ्यावर वळायचं.

तक्रार केली तर शिडाच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम ८९ तोंडावर फेकला. शर्यतीची नोटीस बदलता येते, पुरेशी आगाऊ सूचना दिली की झालं. अहो, पण पुरेशी कोणासाठी? ज्याच्याकडे शेडमध्ये दोन-तीन नावा उभ्या आहेत त्याला बारा दिवस भरपूर झाले. तो वेगळी नाव ट्रेलरवर चढवून येईल. ज्याने एकच जुनी नाव घेतली, तिची सुकाणूं दुरुस्त केली, सुट्ट्या साठवल्या, त्याने बारा दिवसांत काय करायचं? पैसे परत मागितले तर मुदत संपलेली. म्हणजे त्यांची मुदत दगडावरची रेघ, आमची पाण्यावरची.

बक्षिसाच्या वेळचं तर बोलायलाच नको. किनाऱ्यावर सगळ्यात आधी पोहोचल्याचा करंडक तिथे रेटिंगशिवाय दिला गेला. आणि तो गेला कोणाकडे, तर पहिल्या नोटिशीप्रमाणे जिला प्रवेशच नव्हता अशा नावेकडे. तिच्या खलाश्यांचा काही दोष नाही, दोघंही जीव तोडून चालवत होते. माझ्या क्रूने टाळ्या वाजवल्या. मला नाही जमलं.

आता पुढच्या वर्षीची नोटीस आलीय. तिच्यात लिहिलंय, "फॉर्म्युला १८ आणि आयोजकांना योग्य वाटतील अशा इतर नावा." मी तीन प्रश्न लिहून पाठवलेत. योग्य हे कोण ठरवणार, कोणत्या तारखेपर्यंत ठरवणार, आणि किनाऱ्यावर वजनकाटा असणार की नाही. उत्तर आलेलं नाही. तोवर प्रवेश फी भरणार नाही.