दोन मित्र, एक अल्बम आणि आमची जोडलेली कॅसेट

सकाळपासून डोकं फिरलंय, आणि कारण ऐकलंत तर हसाल.

आमचा जुन्या गाण्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. निम्मे पुण्याचे, चार नगरचे, दोघं-तिघं परदेशात. काल रात्री मी तिथे 'रफ मिक्स' टाकला. 'द हू' या इंग्लिश रॉक बँडचा पीट टाउनशेंड आणि 'फेसेस' बँडमधला रॉनी लेन, या दोघांचा अल्बम, १९७७. वर एकच ओळ लिहिली, "ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी रविवारी निवांत ऐका." सकाळी उठून बघतो तर एका शहाण्याचं उत्तर: "दादा, हे कसलं कोलॅबरेशन? अकरा गाण्यांत दोघांनी मिळून केलेली ट्यून एकच, तिलाही शब्द नाहीत. याची पाच, त्याची चार, एक दुसऱ्याचं उसनं. दोन अर्धे सोलो अल्बम चिकटवलेत." खाली आठ अंगठे.

आठ!

हिशोब बरोबर आहे त्याचा, मान्य. मोजता येतं त्याला. पण च्यायला, गाणी ऐकायची का किराणा तपासायचा?

आता या अल्बमशी माझं काय नातं आहे ते सांगतो. काहींनी आधी ऐकलंय, त्यांनी पुन्हा ऐका.

१९८९ चा जानेवारी. ३१ तारीख म्हणजे अमरतिथी. नगरबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, त्या दिवशी अरणगावजवळ मेहेराबादला मेहेरबाबांच्या समाधीवर देशोदेशीचे लोक जमतात, दुपारी बाराला पंधरा मिनिटं सगळे गप्प बसतात. हजारो माणसं आणि आवाज फक्त वाऱ्याचा, मधूनच दौंडकडच्या रुळावरून गाडी गेली तर तिचा. मी आणि शेठ सायकलींवर गेलो होतो. शेठ हा नावाचाच शेठ, खिशात कधी दहाची नोट नसायची म्हणून हे नाव पडलेलं. तिथे एक पिकल्या केसांचा गोरा म्हातारा चहाच्या रांगेत आमच्या पुढे होता. शेठने आपल्या मोडक्या इंग्रजीत त्याला विचारलं, "यू नो द हू?" म्हातारा इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. मग आम्हाला थांबवून खोलीवर गेला आणि एक नव्वद मिनिटांची कॅसेट घेऊन आला. बॉलपेनने वर लिहिलेलं, रफ मिक्स. "जय बाबा" म्हणाला आणि दिली. नाव विचारायचं राहिलं.

त्या कॅसेटची गोष्ट अजून संपलेली नाही. पण आधी या शहाण्याला जरा.

त्याला कुणी सांगितलं का, की 'द हू'चं 'बाबा ओ'रायली' हे गाणं तो स्टेटसला लावतो, त्यातला बाबा आमच्या नगरचा? मेहेरबाबा जन्मले पुण्यात, १८९४ साली, इराणी घरात. १० जुलै १९२५ पासून १९६९ साली देह ठेवेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आधी पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवून सांगायचे, पुढे नुसत्या खुणांनी. पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. 'द हू'चा 'टॉमी' अल्बम त्याने त्यांना वाहिला. १९७२ साली स्वतः समाधीपर्यंत येऊन गेला. आणि रॉनी लेनही त्यांचाच. बाबांसाठी जे खासगी अल्बम काढले गेले त्यांत पीटबरोबर रॉनीचंही गाणं आहे, दगडापासून माणसापर्यंत जीव कसा कसा येतो त्यावरचं. चेष्टेच्या सुरात गायलंय, पण तत्त्वज्ञान सगळं बाबांचं. म्हणजे या अल्बमसाठी हे दोघं लंडनला ऑलिंपिक स्टुडिओत भेटले तेव्हा ते दोन बँडवाले नव्हते. दोन गुरुबंधू होते. आपल्याकडे दोन गुरुबंधू शेजारी बसून गायले तर कुणी विचारतं का, की बुवा, यातल्या ताना संयुक्त मालकीच्या किती? जुगलबंदीत कोण कुणाची तान लिहून देतं?

(चहा घेऊन आलो. जरा शांत झालोय.)

तर झालं असं होतं. रॉनी तेव्हा पार कंगाल. 'फेसेस' हा चालता बँड त्याने १९७३ मध्ये सोडला, वेल्सच्या सीमेवर शेती घेतली, मेंढ्या पाळल्या. पुढच्या वर्षी सर्कशीसारखा तंबू घेऊन गावोगाव कार्यक्रम करत फिरला. आपल्या तमाशाच्या फडासारखाच प्रकार, फक्त पाऊस इंग्लंडचा. त्यात धुपला. एका कॅरॅव्हॅनमध्ये फिरता स्टुडिओ बांधला होता त्याने. 'द हू'च्या 'क्वाड्रोफेनिया'चं बरंच ध्वनिमुद्रण त्याच गाडीच्या जोरावर झालं. इतरांचे अल्बम त्या गाडीत झाले आणि याचा खिसा रिकामा. शेवटी तो पीटकडे गेला. माझा पुढचा अल्बम तू प्रोड्यूस कर म्हणाला. त्यातून ठरलं की दोघांचाच करू. रॉनीची इच्छा होती की गाणीही दोघांनी बसून लिहावीत.

पीट नाही म्हणाला.

हे कळलं तेव्हा मी पीटवर भयंकर चिडलो होतो. दहा-बारा वर्षांचा दोस्त दारात आलाय, गळ्याशी आलंय त्याच्या, आणि तू म्हणतोस गाणी आपापली? शेठ मात्र तेव्हाही शांत होता. म्हणाला, "आरं, पण बसला ना शेजारी?"

बसला. ते तर अल्बममध्ये ऐकू येतं. रॉनीचं 'अ‍ॅनी' ऐका, एवढंसं गाणं. एरिक क्लॅप्टनसारखा नावाजलेला गिटारवाला तिथे बसलाय आणि एकदाही 'बघा मी कोण' असं करत नाही. पीटच्या पहिल्याच गाण्यात ड्रमवर चार्ली वॉट्स आहे, रोलिंग स्टोन्सचा, आणि तो असं वाजवतो की जणू शेजारच्या घरी साखर मागायला आला आणि थांबला. 'स्ट्रीट इन द सिटी'तला सगळा ऑर्केस्ट्रा बांधलाय एडविन अ‍ॅस्टलीने, म्हणजे पीटच्या सासऱ्याने. सासऱ्याकडून काम करून घ्यायला काय छाती लागते ते आपल्याला ठाऊक आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्या ग्लिन जॉन्सने सगळं असं पकडलंय की खोली ऐकू येते. आणि साल कुठलं? १९७७. लंडनमध्ये पंकवाले केस उभे करून सगळं जुनं पाडायला निघालेले, आणि तिशी ओलांडलेले हे दोघं खुर्चीत बसून गिटार छेडतायत.

सगळीच गाणी ग्रेट आहेत असं नाही. 'कॅटमेलडी' मला आजही जरा सैल वाटतं. बास, एवढंच कबूल करतो.

आता कॅसेट.

कॅसेट एक, माणसं दोन. एक आठवडा माझ्याकडे, एक शेठकडे. रविवारी संध्याकाळी हस्तांतर. कधी माळीवाड्याच्या वेशीपाशी, कधी त्याच्या घरी. एका आठवड्यात शेठच्या टेपरेकॉर्डरने रीळ चावली. 'हार्ट टू हँग ऑन टू' लागलं होतं, शेवटून दुसरं. त्याने सुईने रीळ बाहेर काढली, सगळी चुरगळलेली, दाढीच्या ब्लेडने तेवढा तुकडा कापला आणि दोन्ही टोकं सेलोटेपने जोडली. सेलोटेप रिळेपेक्षा रुंद, म्हणून कडेने आईच्या शिवणाच्या कात्रीने छाटली. मग पेन्सिल घालून सगळं परत गुंडाळलं. माझ्याकडे रविवारी आला तेव्हा चेहरा इतका पडलेला की घरात कुणी गेलं की काय असं मला वाटलं.

तीन सेकंद गेले. तीनच. पण कुठले? त्या गाण्यात कडवं रॉनी गातो, त्याचा तो मऊ, थोडा घोगरा आवाज. आणि मग धृपदाला पीट येतो, वर, जवळजवळ ओरडत. या दोघांच्या मधलीच जागा कापली गेली. आमच्या कॅसेटवर रॉनीचा शब्द अर्धा असतानाच पीट निघायचा. दोघांचा मिळून एकच श्वास. आम्हाला कित्येक वर्षं वाटायचं, एकच माणूस गातोय आणि मध्येच भरून आल्यासारखा त्याचा आवाज चढतोय. ते दोन वेगळे गळे आहेत हे मला पुण्यात, एका मित्राच्या सीडीवर कळलं. त्या दिवशी मला ते गाणं चुकीचं वाटलं. आजही फोनवर ऐकताना ती जागा आली की मी पुढे धडपडतो. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीन असावी, तसं.

आणि हा म्हणतो चिकटवलेला अल्बम. अरे, चिकटवणं काय असतं ते तुला माहीत आहे का? सेलोटेप कापलीस कधी रिळेच्या रुंदीची?

पुन्हा चिडलो. सोडा.

पीटच्या त्या 'नाही'बद्दल बोलत होतो. १९९३ साली शेठ माझ्याकडे आला. नगरमध्ये रेकॉर्डिंग सेंटर टाकायचं म्हणाला. तेव्हा चालायची ती दुकानं. गिऱ्हाइकाने गाण्यांची यादी आणायची, कोरी कॅसेट द्यायची, आपण भरून द्यायची. दोन डेक, एक अ‍ॅम्प्लिफायर, गाळा बघून ठेवलेला. निम्मे-निम्मे पैसे, निम्मी-निम्मी मालकी. नावसुद्धा ठरवलं होतं त्याने, दोघांच्या आडनावांचं पहिलं अक्षर जोडून. माझ्या खिशात त्याच दिवशी आलेलं भोसरीच्या कंपनीचं नेमणूकपत्र होतं. मी ते दाखवलं नाही. म्हणालो, "बघू."

आपल्यात 'बघू'चा अर्थ काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्यालाही कळला. पुढच्या सोमवारी मी पुण्याच्या एसटीत होतो.

पीट नाही म्हणाला आणि शेजारी खुर्ची टाकून बसला. मी 'बघू' म्हणालो आणि उठून गेलो. म्हणून आता पीटवर चिडायची माझी लायकी उरलेली नाही. खरं सांगायचं तर रागही उरलेला नाही, असलाच तर हेवा आहे.

त्याच ध्वनिमुद्रणाच्या दिवसांत रॉनीचा आजार बाहेर पडला. मल्टिपल स्क्लेरॉसिस. शरीरच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडायला लागतं, मग हात ऐकत नाहीत, जीभ जड होते, चालताना तोल जातो. बघणाऱ्याला वाटतं, हा पिऊन आलाय. त्याच्या आईला हाच आजार होता, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याने घरातच बघितलेलं. वय तीस-एकतीस. नंतर १९८३ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या आजाराच्या रुग्णांसाठी कार्यक्रम झाला, तेव्हा क्लॅप्टन, जेफ बेक, जिमी पेज असे तिघंही नामांकित गिटारवाले त्याच्यासाठी एका मंचावर आले. पुढे तो अमेरिकेत गेला आणि ४ जून १९९७ ला तिकडेच वारला. एक्कावन्न वर्षांचा. जन्मतारीख १ एप्रिल. अल्बममध्ये त्याचं 'एप्रिल फूल' नावाचं गाणं आहे, मागे क्लॅप्टनचा डोब्रो, म्हणजे एक प्रकारची गिटारच. ते ऐकताना ही तारीख लक्षात ठेवून ऐका. मी त्यावर आणखी काही लिहीत नाही, मला जमणार नाही.

शेवटचं गाणं डॉन विल्यम्सचं आहे. म्हणजे दोघांपैकी कुणाचंच नाही. आमच्या हिशोबनीसाचं ते 'उसनं'. दोघं आपापली वही बंद करून तिसऱ्याचं गाणं म्हणत बसलेत. भजनात नाही का, शेवटी सगळे मिळून एखाद्या संताचं म्हणतात? कुणाच्या नावावर किती, हे तिथे कोण विचारतं? पण जाऊ दे. त्या मुलाचं वय सव्वीस आहे. सव्वीसाव्या वर्षी मीही मोजतच होतो, माझ्याच खिशात नेमणूकपत्र होतं.

शेठने दुकान एकट्याने टाकलं. तीन वर्षं चाललं. मग सीड्या आल्या, गाळा सोडला, मस्कतला गेला. त्याच्या लग्नाला मी गेलो होतो, माझ्या लग्नाला तो येऊ शकला नाही. भांडण कधीच झालं नाही आमचं. झालं असतं तर बरं झालं असतं, मिटवायला काहीतरी असतं. दिवाळीला मेसेज येतो, मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो. तो त्या ग्रुपवर आहे. कधीच बोलत नाही. त्या आठ अंगठ्यांत त्याचा नव्हता, मी दोनदा तपासलं.

मघाशी, हे सगळं टाइप करत असताना, त्याचा वेगळा मेसेज आला. इतक्या वर्षांनी दिवाळी नसताना. लिहिलंय, "त्या पोरावर चिडू नको. तीन सेकंद जास्त असलेली कॉपी ऐकलीय त्याने."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. इथेच देतो, तू वाचशीलच.

शेठ, कॅसेट तुझ्याकडेच आहे. जून १९९३ च्या त्या रविवारी मी घ्यायला आलोच नव्हतो. तो आठवडा माझा होता. सुट्टीला नगरला कधी येतोयस ते कळव, माळीवाड्याच्या वेशीपाशी उभा राहतो.