स्टेडियमचा निर्णय झाल्यावर आमचे मत कशाला विचारता?

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, हे इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला कौतुकाने सांगितले जाते. त्याची भरपाई मालमत्ता करातून होते आणि त्या कराचा साधारण निम्मा हिस्सा स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे, जातो, हे मात्र पहिले बिल हातात पडल्यावरच कळते. एवढा पैसा घेणाऱ्या संस्थेने हजारो प्रेक्षकांचे नवे फुटबॉल स्टेडियम बांधायचे म्हटले, तर ठरवण्याआधी लोकांना विचारावे, ही अपेक्षा अवाजवी आहे का? आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये आधी जागा निवडून झाली, वास्तुविशारदाची रंगीत चित्रे तयार झाली, खर्चाचा आकडा ठरला, आणि त्यानंतर डिस्ट्रिक्टच्या विश्वस्त बोर्डाच्या सभेत माणशी तीन मिनिटे बोलण्याची मुभा मिळाली. पालक पोटतिडकीने बोलले, विश्वस्तांनी सर्वांचे आभार मानले आणि स्टेडियमचा प्रस्ताव मतदानाला ठेवण्याचा ठराव जसाच्या तसा संमत झाला. याला लोकांचे मत घेणे म्हणत नाहीत.

ही रीत जुनीच आहे. ह्यूस्टनजवळच्या केटीमध्ये २०१३ साली मतदारांनी नव्या स्टेडियमचा समावेश असलेला ९.९ कोटी डॉलरचा बाँड, म्हणजे मालमत्ता करातून फेडायच्या कर्जाचा प्रस्ताव, फेटाळला होता. पुढच्याच वर्षी ७४.८ कोटी डॉलरचा नवा बाँड मतदानाला आला. त्यात झपाट्याने वाढणाऱ्या वस्तीला लागणाऱ्या शाळा होत्या आणि त्यांच्याच जोडीला स्टेडियमही होते. शाळा हव्या असतील तर स्टेडियमसकट घ्या, असा तो सरळ पेच होता. बाँड मंजूर झाला आणि २०१७ मध्ये सुमारे ७ कोटी डॉलरचे, १२ हजार आसनांचे स्टेडियम जुन्या स्टेडियमच्या शेजारी उभे राहिले. डॅलसच्या उत्तरेला ॲलनमध्ये ६ कोटी डॉलरचे, १८ हजार आसनांचे स्टेडियम २०१२ मध्ये सुरू झाले आणि काँक्रीटला भेगा पडल्यामुळे फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बंद करावे लागले.

२०१९ च्या कायद्यामुळे एक हजाराहून अधिक आसनांच्या स्टेडियमसाठी मतपत्रिकेवर वेगळा प्रस्ताव ठेवणे सक्तीचे झाले, आणि त्याचा उपयोगही दिसला. २०२३ मध्ये डॅलसच्याच उत्तरेकडच्या प्रॉस्परच्या मतदारांनी शाळांसाठीचा अवाढव्य बाँड मंजूर केला, पण ९.४ कोटी डॉलरचे स्टेडियम नाकारले. म्हणजे लोक शिक्षणाला पैसे देण्यास कांकू करत नाहीत; कशाला द्यायचे आणि कशाला नाही, हे त्यांना चांगले कळते. मग त्यांना अर्धवट माहिती का देता? मतपत्रिकेवर कायद्याने छापावे लागते की ही मालमत्ता करातील वाढ आहे, आणि घरी आलेल्या गुळगुळीत पत्रकात लिहिलेले असते की कराचा दर वाढणार नाही. दर वाढत नाही हे खरे असेलही, पण घराचे मूल्यांकन चढत गेले की त्याच दराने भरायची रक्कम वाढते, आणि जुने कर्ज फिटल्यावर जो दर उतरू शकला असता, तो नव्या कर्जामुळे उतरत नाही. हे त्या पत्रकात एका ओळीनेही का सांगितले जात नाही?

आमच्यासारख्या, एच-वन-बी व्हिसावर वर्षानुवर्षे ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या घरमालकांची स्थिती तर आणखी वाईट आहे. कर पूर्ण भरायचा, मुले याच शाळांत शिकणार, पण मतदानाचा हक्क नाही. आमच्यासाठी ती तीन मिनिटे हाच एकमेव मार्ग उरतो, आणि तोही निर्णय पक्का झाल्यानंतर उघडत असेल, तर आम्ही बोलायचे तरी कोणाशी?

माझा खेळाला विरोध नाही. माझा मुलगा मार्चिंग बँडमध्ये आहे आणि शुक्रवारच्या सामन्यांना आमचे सारे घर जाते. संताप येतो तो शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न विचारल्यावर मिळणाऱ्या ठरावीक उत्तराचा. बाँडचा पैसा वेगळ्या खात्यातला आहे, तो पगारासाठी वापरता येत नाही, असे आम्हाला लहान मुलांना समजावल्यासारखे सांगितले जाते. ते मान्य आहे. पण स्टेडियम बांधून झाल्यावर त्याची वीज, साफसफाई, देखभाल आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार हा सारा खर्च दैनंदिन कामकाजाच्या खात्यातूनच होतो, आणि शिक्षकांचा पगारही त्याच खात्यातून निघतो. राज्याकडून मिळणारी प्रति विद्यार्थी मूळ रक्कम २०१९ पासून २०२५ पर्यंत ६,१६० डॉलरवर गोठलेली असताना हा वाढीव खर्च दरवर्षी कुठून भागवणार होता? या वार्षिक खर्चाचा आकडा प्रस्तावात नव्हता, पत्रकात नव्हता, आणि सभेत विचारल्यावरही कोणी दिला नाही. मतदानाआधी तो लेखी जाहीर करा, आणि तोवर हा प्रस्ताव मागे घ्या.