अपघात भाच्याचा, पॉलिसी मामाची. मग सांगायचं कुणी?

गेल्या महिन्यात इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, तीन वेगवेगळ्या मराठी ग्रुपवर एकच मेसेज फिरत आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कारचा विमा रिन्यू करताना पॉलिसीवरच्या दुसऱ्या ड्रायव्हरचा, म्हणजे नेम्ड ड्रायव्हरचा, अपघात कंपनीला सांगायची गरज नसते. पॉलिसी त्याची नाही, क्लेम केलेला नाही, कंपनी विचारत नाही, तिला कळतही नाही, आणि कळलंच तर फरकाचे पैसे भरले की झालं. फारच भीती वाटत असेल तर त्याचं नाव काढून टाका. खाली दोन जोडलेले हात आणि ‘आपल्या माणसांचे पैसे वाचवा’.

मी काही विम्याच्या धंद्यातला नाही. पण नेमकं त्याच आठवड्यात माझ्या रिन्युअलचं पत्र आलं होतं, आणि त्यात नेम्ड ड्रायव्हर म्हणून माझ्या भाच्याचं नाव होतं. भाचा मास्टर्सला आला, डिग्री झाली, नोकरी लागली, तरी मुक्काम अजून आमच्या वरच्या खोलीतच. पत्रात त्याच्या नावापुढे छापलं होतं: मागील ५ वर्षांतले अपघात, क्लेम किंवा नुकसान – नाही. मी जिन्याखालून सहज हाक मारली, “काय रे, तुझं काही नाही ना यात?” वरून उत्तर यायला जरा वेळ लागला.

“मामा, अपघात असा नाही म्हणता येणार. एका व्हॅनचा आरसा गेला होता.”

मित्राला घर बदलायचं होतं. याने मित्राच्या गाडीवर एका दिवसाचा विमा काढला, अरुंद गल्लीत उभ्या असलेल्या व्हॅनचा आरसा उडवला, व्हॅनवाल्याला १८० पौंड दिले आणि विषय मिटवला. गाडी माझी नाही, पॉलिसी माझी नाही, क्लेम नाही. मेसेजमधल्या जवळजवळ सगळ्या सबबींत बसणारा नमुना घरातच निघाल्यावर एकेक मुद्दा तपासून बघणं आलंच.

पहिला मुद्दा: ‘पॉलिसी तुमची, अपघात त्याचा, तुमचा काय संबंध?’

आपण फसतो ते इथेच, आणि त्याला कारण आपली भारतातली सवय. तिकडे विमा गाडीला चिकटलेला असतो. लायसन असलेला कुणीही मालकाच्या परवानगीने गाडी चालवतो. रिन्युअलला मुख्य प्रश्न एकच: या गाडीवर गेल्या वर्षी क्लेम झाला का? नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. ब्रिटनमध्ये गाडीइतकंच गाडी चालवणाऱ्या माणसांना तोललं जातं. म्हणून तर प्रत्येक ड्रायव्हरचं वय, पेशा, लायसन किती वर्षांचं, त्यावर दंडाचे पॉइंट्स किती, हे सगळं विचारतात. (दोन्हीकडचे मोटार कायदे १९८८चेच आहेत, पण साम्य बहुधा तिथेच संपतं.) आणि प्रश्नाची नेहमीची भाषा असते ती अशी: तुम्हाला किंवा या पॉलिसीवर असणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला गेल्या अमुक वर्षांत अपघात, क्लेम किंवा नुकसान झालं आहे का? बऱ्याच कंपन्या ५ वर्षं विचारतात, काही ३. ‘या गाडीने’ असं त्यात कुठेही नसतं. आरसा मित्राच्या गाडीने उडवला असला तरी उडवणारा माझ्या पॉलिसीवर आहे.

घोळ होतो तो बोनसमुळे. नो क्लेम बोनस पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचा. भाच्याने माझीच गाडी ठोकली आणि माझ्या पॉलिसीवर क्लेम झाला, तर बोनस माझा जाणार. त्याने दुसऱ्याची गाडी दुसऱ्या पॉलिसीवर ठोकली, तर माझ्या बोनसला धक्का नाही. इथवर मेसेज लिहिणाऱ्याचं बरोबर आहे. पण बोनस शाबूत राहिला म्हणून माहिती द्यायची नाही, ही उडी कुठून मारली? दोन वेगळे प्रश्न आहेत आणि फॉर्मवर ते वेगळेच विचारलेले असतात.

दुसरा: ‘क्लेम केला नाही तर अपघात झालाच नाही. चूक समोरच्याची असेल तर प्रश्नच नाही.’

हे दोन्ही एकत्रच निकालात काढतो. प्रश्नात ‘अपघात’ आणि ‘क्लेम’ हे शब्द स्वतंत्र असतात, आणि पुढे बहुतेक वेळा जोडलेलं असतं: चूक कुणाचीही असो, क्लेम केला असो वा नसो. खिशातून भरलेले १८० पौंड हा पैशाचा व्यवहार झाला. आरसा तुटायचा तो तुटलाच. शिवाय बहुतेक पॉलिसींत अशी अट असते की क्लेम करायचा नसला तरी अपघात कंपनीला कळवायचा. कंपनी तो नुसती नोंद म्हणून लिहून ठेवते. मागून कुणी ठोकलं असेल, तर ‘नॉन-फॉल्ट’ म्हणून सांगायचं. लपवायचं कारण त्यात तर मुळीच नाही.

तिसरा: ‘रिन्युअल आपोआप होतं. कंपनी विचारत नाही. नव्या कायद्याप्रमाणे न विचारलेलं सांगायची जबाबदारी ग्राहकाची नाही.’

या मुद्द्यात मात्र दम आहे. मेसेज लिहिणाऱ्याने काहीतरी वाचलं आहे खरं, पण अर्धंच. पूर्वी इथे विमा घेणाऱ्याने महत्त्वाची प्रत्येक गोष्ट आपणहून सांगायची, असा नियम होता. काय महत्त्वाचं ते ग्राहकाने ओळखायचं, आणि चुकलं की कंपनी हात वर करायला मोकळी. ग्राहकांच्या विम्यातल्या माहितीबद्दलच्या २०१२च्या कायद्याने हे बदललं. ६ एप्रिल २०१३पासून तो लागू झाला, आणि आता ग्राहकाचं कर्तव्य एवढंच की चुकीची माहिती जाऊ नये याची वाजवी काळजी घ्यायची. म्हणजे खरोखरच न विचारलेलं सांगायला तुम्ही बांधील नाही. कंपनीने प्रश्न मोघम विचारला असेल, तर तेही तुमच्या बाजूनेच धरलं जातं.

आता वाचायचं राहिलेलं अर्धं. याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलं आहे की, आधी दिलेला तपशील बरोबर असल्याची खात्री करा किंवा दुरुस्त करा असं कंपनीने म्हटलं आणि तुम्ही ते केलं नाही, तर तेही चुकीची माहिती देणं ठरू शकतं. म्हणजे गप्प बसणंही उत्तर ठरू शकतं. तेव्हा रिन्युअलचं पत्र पुन्हा उघडा. माझ्या पत्रात पहिल्या पानावर प्रीमियम मोठ्या अक्षरात, आणि तिसऱ्या पानावर एक चौकट: खालील माहिती तपासा, काही चूक किंवा बदल असल्यास रिन्युअलच्या तारखेआधी कळवा. त्या चौकटीखाली भाच्याचं नाव आणि ते ‘नाही’. कंपनीने विचारलं होतं. फक्त प्रश्नचिन्ह न लावता विचारलं होतं. तो इशारा किती ठळक होता हेही वाद झाल्यावर बघतात, ही जमेची बाजू. पण चौकटीत, जाड अक्षरात छापलेल्या मजकुराबद्दल ‘दिसलाच नाही’ म्हणणं जड जाईल. कम्पॅरिजन साइटवरून, म्हणजे अनेक कंपन्यांचे दर एकत्र दाखवणाऱ्या वेबसाइटवरून, कंपनी बदलणाऱ्यांनी आणखी एक बघावं: तिथे गेल्या वर्षीची उत्तरं आधीच भरलेली असतात. आपण पुढे-पुढे दाबत जातो आणि जुनं ‘नाही’ नव्या कंपनीकडे आपल्या सहीनिशी पोचतं.

नेम्ड ड्रायव्हरनेच तुमच्यापासून लपवलं असेल तर? मी विचारलं नसतं तर भाचा सांगणार नव्हता, हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं आहे. तुम्ही सरळ विचारलं, त्याने ‘नाही’ म्हटलं, तुम्ही तेच लिहिलंत, तर वाजवी काळजी घेतली असं म्हणायला तुम्हाला जागा राहते. न विचारताच ‘नाही’ ठेवलंत तर ती जागा आकसते. जिन्याखालून मारलेली हाक एवढ्यासाठी कामाची.

चौथा: ‘कंपनीला कळणार कसं?’

क्लेम्स अँड अंडररायटिंग एक्स्चेंज नावाची एक सामायिक नोंदवही आहे, मोटर इन्शुरर्स ब्युरो ही वाहन विमा कंपन्यांची संस्था ती चालवते. कंपन्यांना कळवलेल्या घटना तिच्यात जातात, नुसती नोंद म्हणून कळवलेल्यासुद्धा, आणि विमा देताना किंवा क्लेम आल्यावर कंपन्या ती चाळतात. भाच्याने रोख मिटवलेला आरसा तिच्यात कदाचित नसेलही. पण व्हॅनवाल्याने पैसे घेऊन नंतर स्वतःच्या कंपनीला फोन केला नसेल, याची हमी भाचा देणार का? आणि मोठा क्लेम आला की कंपनी कधी नव्हे एवढी अभ्यासू होते, हे सांगायला नको.

पाचवा: ‘कळलं तरी फरक भरला की सुटलो.’

हे खरं असतं तर मीही मेसेज पुढे ढकलला असता. कायदा आधी कंपनीलाच सिद्ध करायला लावतो की खरी माहिती मिळाली असती तर तिने विमा दिलाच नसता किंवा वेगळ्या अटींवर दिला असता. ते सिद्ध झालं की पुढचा प्रश्न: चूक निष्काळजीपणाची की जाणूनबुजून? निष्काळजीपणा असेल आणि फक्त प्रीमियम वाढला असता, तर क्लेम त्याच प्रमाणात कापतात. तुम्ही ५०० पौंड भरलेत, खरी माहिती दिली असती तर ८०० पडले असते, आणि गाडीचं नुकसान ६,००० पौंडांचं. हातात येतात ३,७५०. वाचवलेल्या ३०० पौंडांसाठी २,२५०चा खड्डा. मागाहून फरक भरून पूर्ण क्लेम मिळवायचा हक्क तुम्हाला नाही. खरी माहिती कळल्यावर कंपनीने विमा दिलाच नसता असं निघालं, तर प्रीमियम परत आणि क्लेम शून्य. जाणूनबुजून लपवल्याचं सिद्ध झालं तर पॉलिसी मुळापासून रद्द, सगळे क्लेम फेटाळलेले, आणि सहसा प्रीमियमही कंपनीकडेच. समोरच्या माणसाची भरपाई कंपनीला इथल्या १९८८च्या मोटार कायद्याप्रमाणे तरीही द्यावी लागू शकते, पण मग ती वसूल करायला कंपनी तुमच्या मागे लागू शकते. आणि ‘तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का’ हा प्रश्न पुढच्या फॉर्मवर तुमची वाट बघत असतो.

कंपनीने अन्याय केला असं वाटलं तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा तटस्थपणे निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, फुकट दाद मागता येते. आधी कंपनीकडे तक्रार करायची, तिला ८ आठवडे द्यायचे. तिचं अंतिम उत्तर आलं की त्यानंतर ६ महिन्यांच्या आत ओम्बड्समनकडे जायचं. तिथेही पहिला प्रश्न हाच: कंपनीने विचारलं काय होतं आणि तुम्ही सांगितलंत काय?

राहिली पळवाट: ‘नाव काढून टाका.’

हे कायदेशीर आहे. नाव काढलं की त्या पॉलिसीपुरता त्याच्या अपघाताचा प्रश्न संपतो. तुमच्या पॉलिसीवर आधी झालेला क्लेम मात्र तुमच्या नावावर राहतोच. फक्त मग त्याने गाडीला हात लावायचा नाही. विम्याशिवाय चालवताना सापडला तर ३०० पौंड दंड आणि ६ पॉइंट्स, आणि टेस्ट पास होऊन २ वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंट्सना लायसनच जातं. गाडी जप्त होते ती वेगळीच.

भाच्यानेही हेच सुचवलं होतं. “मला काढूनच टाका ना, मामा.”

“आणि रात्रपाळीनंतर मामीला आणायला कोण जाणार?”

दुसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडच्या बाईने तारीख विचारली, कुणाची चूक विचारली, किती पैसे दिले ते विचारलं, आणि ३८ पौंड वाढतील म्हणाली. एकूण अकरा मिनिटं, त्यातली सात होल्डवरच्या गाण्यात. संध्याकाळी माझ्या खात्यात ३८ पौंड जमा झाले. पैसे कशासाठी, त्या रकान्यात भाच्याने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: आरसा.