युद्धातल्या शहराच्या समितीत पंप चालवणारा माणूस कुठे असतो?

सुदानची राजधानी खार्तुम. गेलं वर्षभर या शहराबद्दल मिळेल ते वाचतेय. बातम्यांमध्ये कोण पुढे सरकलं, कोण मागे हटलं एवढंच जास्त असतं. माझी नोकरीची सगळी वर्षं पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे मी आधी शोधते ते हे की पंप चालू आहेत का.

१५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल भर शहरात एकमेकांवर तुटून पडले. पहिल्या काही दिवसांतच बहरी भागातलं मोठं जलशुद्धीकरण केंद्र बंद पडलं. निळी आणि पांढरी या दोन नाईल नद्या जिथे एकत्र येतात त्या शहरात लोक पाण्यासाठी वणवण करू लागले. २१ मार्च २०२५ ला लष्कराने राष्ट्रपती भवन परत घेतलं आणि मे महिन्यात अख्खं खार्तुम राज्य ताब्यात आल्याचं जाहीर केलं. त्याच मे महिन्यात नदीपलीकडच्या ओमदुरमान या जोडशहराच्या वीजकेंद्रांवर ड्रोनने हल्ले झाले. वीज गेली, पंप थांबले, लोकांनी मिळेल ते पाणी प्यायला सुरुवात केली. कॉलरा आधीपासून होताच, तो आता भडकला. सुदानच्या आरोग्य मंत्रालयानेच एका आठवड्यात १७२ मृत्यू सांगितले, आणि रुग्णांपैकी बहुतेक खार्तुम राज्यातले होते.

वीज जाण्याचा आणि कॉलऱ्याचा संबंध बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पंप थांबला की नळ कोरडा पडतो, हे झालं वरवरचं. जमिनीखाली आणखी काही घडतं. पाइपात दाब असतो तोवर गळतीच्या जागेतून पाणी बाहेर जातं. दाब गेला की त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत शिरतं, आणि शेजारून मैल्याची फुटकी लाइन जात असेल तर तेही. म्हणजे वीज परत आली, पंप सुरू झाला, नळाला पाणी आलं, तरी ते पिण्यासारखं असेलच असं नाही. आधी लाइन धुवावी लागते, क्लोरीन वाढवावा लागतो, टोकाच्या नळावर तो पोहोचतोय का हे तपासावं लागतं. क्लोरीन आणायला ट्रक लागतो, ट्रकला डिझेल लागतं, आणि रस्त्यावर सैनिकांची चौकी असेल तर सोडायचा परवाना लागतो. वीज, पाणी, आरोग्य, इंधन, लष्कर अशी पाच खाती एका ग्लासभर पाण्याच्या मागे उभी असतात. यातलं एक अडलं की बाकीच्या चौघांनी केलेलं काम वाया.

म्हणूनच युद्धकाळात शहरासाठी एक समिती असावी, तिला खरे अधिकार असावेत, या मताची मी आहे. "समिती नेमली" म्हटलं की आपल्याकडे लगेच नाक मुरडलं जातं, पण समितीशिवाय हे काम होणार कसं? खार्तुमसाठी जुलै २०२५ मध्ये अशी उच्चस्तरीय समिती नेमली गेली. लोकांच्या परतीसाठी शहर तयार करायचं हे तिचं काम, आणि अध्यक्ष सार्वभौम परिषदेचे (देशाचा कारभार चालवणाऱ्या सर्वोच्च मंडळाचे) सदस्य, लष्करातले वरिष्ठ अधिकारी इब्राहीम जाबिर. आदेशातली एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी होती: शहरातली सगळी सशस्त्र दलं दोन आठवड्यांत बाहेर काढायची. हे काम पाणीखात्याचा इंजिनिअर करू शकत नाही. वस्तीतून बंदूकधारी हलवायचे तर वजनदार माणूसच लागतो. इथपर्यंत मला सगळं मान्य आहे.

माझं भांडण पुढे सुरू होतं. आदेश देणारा टेबलाच्या एका टोकाला बसला, तर दुसऱ्या टोकाला कोण बसतं?

खार्तुमभर तांब्याच्या केबली उखडून नेल्या गेल्या, ट्रान्सफॉर्मर फोडले गेले. तिथे वीज परत आणणं म्हणजे एकेक फीडर, म्हणजे वस्तीला वीज नेणारी मुख्य लाइन, नव्याने उभा करणं. माल थोडा, माणसं थोडी, आणि प्रत्येक वस्ती म्हणते आमच्याकडे आधी. कोणती लाइन पहिली हे कोण ठरवणार? अशा वेळी सरकारांना मोह होतो तो दिसणाऱ्या कामांचा: मंत्रालयाची इमारत, विमानतळ, मुख्य चौकातले दिवे. कॅमेरा तिथे जातो. नदीकाठच्या पंपघरात कोणी फोटो काढायला जात नाही. पंपाचं पॅनल जळलंय का, सुटा भाग कुठल्या गोदामात पडलाय, कोणता व्हॉल्व्ह बंद केला तर निम्म्या भागाला तरी पाणी देता येईल, हे ज्याला पाठ आहे तो माणूस बैठकीत नसेल तर निर्णय नकाशा बघून होतात. आणि युद्धानंतरचा नकाशा खोटा असतो.

त्याहूनही महत्त्वाचा दुसरा माणूस. सरकार पोर्ट सुदानला गेलेलं असताना हे शहर जगवलं कोणी? वस्तीवस्तीतल्या आपत्कालीन कक्षांनी. २०१८-१९ च्या आंदोलनातल्या मोहल्ला समित्यांमधून ही तरुण पोरं आली. त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, दवाखान्यांना औषधं पोहोचवली. दोन्ही बाजूंनी त्यांना पकडलं, काहींना मारलं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तेव्हा त्यांची हजाराहून जास्त स्वयंपाकघरं बंद पडली, तरी ही माणसं हटली नाहीत. त्या वर्षी त्यांना राफ्तो पुरस्कार आणि राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाले. जगाने त्यांना मान दिला. त्यांच्याच शहराच्या पुनर्बांधणीत त्यांना मताचा अधिकार असलेली खुर्ची मिळायलाच हवी. कोणत्या गल्लीत किती घरं राहती आहेत, कोणती विहीर वापरात आहे, कोणाकडे अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे त्यांच्या वहीत आहे. ते मंत्रालयाकडे नसतं.

"हे सगळं शांततेच्या काळात ठीक, युद्धात एवढा वेळ कुणाला?" असं म्हणणाऱ्यांनी १९४० चं लंडन बघावं. ७ सप्टेंबरला जर्मन विमानांचा बॉम्बवर्षाव सुरू झाला. सरकारने प्रेतांची तयारी भरपूर केली होती. प्रत्यक्षात माणसं अंदाजापेक्षा खूप कमी मेली आणि बेघर प्रचंड झाली. त्यांच्यासाठीची केंद्रं चालत होती निराधारांना कशीबशी मदत देणाऱ्या जुन्या गरीब-कायद्याच्या काटकसरीने, काही तासांची सोय धरून. शहराचे २८ बरो (विभागवार नगरपालिका), वर लंडन काउंटी कौन्सिल, त्यावर मंत्रालयं. राडारोडा एकाकडे, निवारा दुसऱ्याकडे, भरपाई तिसरीकडे. पूर्व लंडनच्या कॅनिंग टाउनमधल्या एका शाळेत घर गमावलेली कुटुंबं बसची वाट बघत थांबली होती. बस वेळेत आल्या नाहीत. १० सप्टेंबरच्या पहाटे शाळेवर बॉम्ब पडला. मृतांचा सरकारी आकडा ऐंशीच्या आत होता, तो त्या भागातल्या लोकांनी कधीच मानला नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस हेन्री विलिंक यांना बेघरांसाठी खास आयुक्त नेमलं. त्यांच्या काळात सगळ्या खात्यांची माणसं एका छपराखाली बसवणारी माहिती केंद्रं वाढली. घर गेलेल्या बाईने दहा कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे नाहीत. मार्च १९४१ मध्ये, युद्ध संपायला चार वर्षं असताना, घरांच्या नुकसानभरपाईचा कायदाही झाला. मला हे फार मोठं वाटतं. तुझ्या पडलेल्या भिंतीची नोंद झाली आहे, हे माणसाला तेव्हाच कळायला हवं असतं.

उलटं उदाहरण बोस्नियाची राजधानी सारायेवोचं. नव्वदच्या दशकातल्या युद्धात सर्ब सैन्याच्या वेढ्यात लोक पाण्याच्या रांगेत तोफगोळ्यांनी मरत होते. जुलै १९९३ मध्ये दोब्रिन्या भागात एकाच वेळी बाराएक माणसं गेली. फ्रेड क्यूनी या अमेरिकन इंजिनिअरच्या गटाने विमानाने सुटे भाग आणून रस्त्याच्या बोगद्यात पाणी शुद्ध करणारी यंत्रणा उभी केली. यंत्रणा तयार झाली, आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी पाण्याच्या दर्जाचं कारण पुढे करून ती सुरू करायची परवानगी रोखून धरली. माझ्या आयुष्यातल्या कित्येक बैठका हे वाचताना आठवल्या. काळजी खरी असेलही. पण लोक गढूळ पाणी पिऊन आणि गोळे झेलून दिवस काढत असताना "अहवाल येऊ द्या" म्हणणाऱ्याला जाब विचारणारं कोणी वर असावंच लागतं.

हिशेब उघडा ठेवण्याबद्दलही माझं मत पक्कं आहे. युद्धाच्या नावाखाली सगळंच गुप्त होतं. ट्रान्सफॉर्मर कुठे बसवलाय हे शत्रूला कळू नये, मान्य. तो कितीला घेतला आणि कंत्राट कोणाला गेलं, हे लपवण्यात कसलं संरक्षण? युक्रेनने युद्ध चालू असतानाच पुनर्बांधणीच्या प्रकल्पांसाठी ड्रीम नावाची ऑनलाइन व्यवस्था उभी केली. तिथे कामाचा टप्पा आणि पैसा सामान्य माणसाला बघता येतो. रोज हल्ले सोसणाऱ्या देशाला हे जमतं.

संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की दहा महिन्यांत दहा लाखांहून जास्त लोक खार्तुमला परतले. एवढी माणसं येणार म्हणजे पाण्याची मागणीही तशीच वाढणार. समितीने दर आठवड्याला, वस्तीनिहाय, एक साधा तक्ता भिंतींवर लावावा: पंप किती तास चालला, टोकाच्या नळावर क्लोरीन किती मिळाला, जुलाबाचे रुग्ण किती आले. खाली पंपघरातल्या माणसाची सही हवी आणि त्या वस्तीतल्या आपत्कालीन कक्षाच्या प्रतिनिधीचीही.