साताऱ्यात आधी वाऱ्याचा हिशेब धरा

घरच्या हॅम (हौशी बिनतारी रेडिओ) स्टेशनच्या अँटेनासाठी, मी वाचलेल्या एका लेखात 60 फुटी जाळीचा टॉवर सुचवलाय. नवीन परवानाधारकाला एवढा खर्च करायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं. 40 मीटर बँडचा (साधारण 40 मीटर तरंगलांबीच्या लहरींचा) तारेचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी असलेली दोन हातांची अँटेना, साधारण 20 मीटर लांब असतो. तो उलट्या व्ही आकारात बांधला की मध्ये एकच खांब पुरतो. दोन इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपमध्ये दीड इंची पाइप मीटरभर आत सरकवून बोल्ट मारले, तर सहा-सहा मीटरच्या दोन नगांत 11 मीटर उंची मिळते. टोकाला कप्पी लावा, म्हणजे अँटेना उतरवायला वर चढावं लागत नाही.

पैसे वाचवायचे ते उंचीत, ताणांत (खांब धरून ठेवणाऱ्या तिरक्या तारांत) नाही! साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की खांबावरचा दाब चौपट होतो. म्हणून तीन दिशांना, दोन पातळ्यांवर ताण हवेतच. वळवाच्या विजा लक्षात घेऊन अर्थिंगही आधीच करा. आणि खांब कुठल्याही बाजूला कोसळला तरी विजेच्या तारांपर्यंत पोचणार नाही, अशीच जागा निवडा. गावठाणातल्या दाटीत ती मिळत नसेल तर उंची कमी करा.