रोमन रथाचे घोडे आणि ग्रेट वेस्टर्नचे सात फूट

दोन रुळांमधलं अंतर 4 फूट साडेआठ इंच का? तर रोमन युद्धरथाच्या दोन घोड्यांचे पुठ्ठे तेवढे रुंद होते म्हणून. तेच माप इंग्लंडनं उचललं, तिथून ते अमेरिकेत गेलं आणि शेवटी अवकाशयानाच्या रॉकेटपर्यंत पोचलं. हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. मला तो खटकतो, कारण ज्या माणसांनी या मापासाठी भांडण केलं त्यांना तो पुसूनच टाकतो.

पहिला मुद्दा रथांचा. रोमन सैन्य रथातून लढत नसे. रथ शर्यतींत आणि विजयाच्या मिरवणुकीत असत. जनावरानं ओढायची गाडी साधारण पाच फुटी होते, एवढंच त्यात खरं.

इंग्लंडनं रोमन माप जपलं, हेही चूक. कोळसा खाणींच्या लाकडी रुळांची रुंदी जागोजागी वेगळी होती. सुरुवातीची रेल्वे उभारणारा अभियंता जॉर्ज स्टीफन्सन याच्या हाताखालच्या खाणीत ती 4 फूट 8 इंच होती, तीच त्यानं पुढे नेली. चाकं अडकू नयेत म्हणून अर्धा इंच नंतर वाढवला.

आणि दुसरं माप शक्यच नव्हतं म्हणाल, तर ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे बघा. लंडन ते ब्रिस्टल हा तिचा मुख्य मार्ग. तिचा अभियंता इझम्बार्ड ब्रुनेल यानं रूळ सात फुटांवर टाकले. 1838 मध्ये पहिली गाडी धावली, 1841 मध्ये ब्रिस्टल गाठलं. कोणतं माप सरस हे बघायला 1845 मध्ये सरकारी चाचण्या झाल्या, त्यांत तिचं ‘इक्सायन’ इंजिन 80 टन ओढत ताशी 60 मैलांपर्यंत गेलं. अरुंद गेजचं, म्हणजे 4 फूट साडेआठ इंची मापाचं, एक इंजिन तर उलटलं.

तरी ब्रुनेल हरला, कारण तेव्हा रुंद गेज 274 मैल होतं आणि अरुंद 1,901 मैल. ग्लॉस्टरला दोन्ही मापं भेटत. तिथं एका वाघिणीतला माल हातानं उतरवून दुसरीत भरावा लागे. 1846 च्या कायद्यानं नव्या प्रवासी मार्गांना अरुंद माप बांधून दिलं, ग्रेट वेस्टर्नच्या मुलखाला सूट ठेवून. रुंद रूळ अरुंद करण्याचा शेवटचा टप्पा मे 1892 मध्ये दोन दिवसांत उरकला. चार हजारांवर कामगार होते. ब्रुनेलचे रूळ त्यांच्याच दिशेनं खाली टाकलेल्या लांब ओंडक्यांवर बसवलेले; मधले जोड-ओंडके कापायचे आणि एक रूळ ओंडक्यासकट आत सरकवायचा. प्यायला ओटच्या पिठाचं पाणी.

अमेरिकेच्या दक्षिणेत 1886 पर्यंत पाच फुटी रूळ होते. रॉकेटचा व्यास बारा फुटांहून जास्त, तो रुळांच्या मापातून येतोच कसा?

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी साडेपाच फुटी रुळांवर धावली. ते माप ईस्ट इंडिया कंपनीनं ठरवलं होतं. मुंबईची लोकल आजही त्याच मापावर चालते.