पुस्तकं आपापली आणायची

सदाशिव पेठेत राहायला आलो तेव्हा बायकोनं बजावलं, आता नवीन पुस्तक विकत आणायचं नाही, जवळपास एखादी लायब्ररी बघायची. फोनवर शोधलं तर नकाशाभर लाल टिपके. एका गल्लीत इतक्या लायब्रऱ्या! पुण्याबद्दल जे काही वाईटसाईट बोललो असेन ते मनातल्या मनात मागे घेतलं.

पहिलीच्या जिन्यात चपलांचा खच होता. आत एसी, ट्यूबलाइटचा पांढराफेक उजेड आणि प्लायवूडच्या खोपट्यांतून माना खाली घातलेली मुलंमुली. कपाट कुठेच दिसेना. काउंटरवरच्या मुलानं एका दमात दर सांगितला: महिन्याची फी, लॉकरचे वेगळे, वायफाय आणि आरओचं पाणी फ्री.

"आणि पुस्तकं?"

"ती आपापली आणायची, काका."

मेसवाल्यानं पोळीभाजी घरून आणायला सांगावी, तसं हे. पुढच्या लायब्ररीतही तेच, त्याच्या पुढचीतही तेच; एकीकडे फक्त खुर्चीला उशी जास्त होती. स्पर्धापरीक्षावाल्यांच्या या अभ्यासिका. मुलांवर माझा राग नाही. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहत असतील तर माणूस आणखी कुठे जाऊन वाचणार? राग पाटीवर आहे.

कारण 'लायब्ररी' हा शब्द जन्मला तोच पुस्तकाच्या पोटी. लॅटिनमध्ये 'लिबर' म्हणजे पुस्तक, आणि त्याआधी झाडाची आतली साल. पूर्वी सालीवर लिहीत, असं खुद्द रोमन मंडळीच सांगत. आपल्याकडे भूर्जपत्रांवर पोथ्या उतरवल्या गेल्या, तेव्हा त्यात नवल वाटायला नको. तिथून फ्रेंचांच्या वाटेनं शब्द इंग्रजीत आला. मात्र आजच्या फ्रान्समध्ये 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान. वाचून परत करायचं असेल तर 'बिब्लिओतेक' शोधावी लागते. थोडक्यात, पॅरिसमध्ये पुस्तकं विकत घ्यायची, पुण्यात घरून न्यायची.

उच्चाराचा आणखी वेगळा ताप. काउंटरवरचा मुलगा 'लायब्री' म्हणायचा. पेठेत राहूनही मी त्याला टोकलं नाही. दोन 'र' शेजारी आले की जीभ एकाला सोडून देते. इंग्लंडातही भलेभले तो गिळतात आणि त्यांचे काही कोश ते छापूनही टाकतात. आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका मात्र 'लाय-ब्र-री' असं फळ्यावर लिहिल्यासारखं म्हणतात, आणि समोरच्यानं पुन्हा म्हणेपर्यंत लिफ्टचं दार धरून ठेवतात.

पायपिटीतून एक नियम हाती लागला: पाटीवर मराठी नाव असेल तर आत पुस्तकं असतात. 1848 साली 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली, तिचं आता पुणे नगर वाचन मंदिर झालंय; पुस्तकं आहेत. वाचनालय, ग्रंथालय, ग्रंथसंग्रहालय असं काही दिसलं की बिनधास्त आत शिरावं. लायब्ररी दिसली तर आधी चार्जर जवळ आहे का ते बघावं.

रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिलाच नियम, पुस्तकं वापरासाठी असतात. मुळात ती असावीत असा नियम त्यांनी केला नाही. बिचाऱ्यांना गरज वाटली नसावी.

शेवटच्या लायब्ररीतून उतरताना जिन्यात चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या एका मुलानं मला वाट दिली. माझे पांढरे केस, खांद्यावरची रिकामी पिशवी, हातातलं फीचं पत्रक, सगळं त्यानं आदरानं न्याहाळलं.

"काका, राज्यसेवा की कम्बाइन?"

"वाचायला आलो होतो, नुसतंच."

तो क्षणभर गप्प झाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "फॉर्म भरायच्या आधी वयाचं बघून घ्या हां. ओपनला 38 पर्यंतच आहे."